नव्या केमनवरचे एक्स्ट्रा: काय घेतलं, काय सोडलं

एक्स्ट्रांची, म्हणजे गाडीवर जादा पैसे देऊन घ्यायच्या गोष्टींची यादी पहिल्यांदा छापली तेव्हा नऊ पानं झाली. गाडी पोर्शे 718 केमन, चार सिलिंडरची, 2 लिटरची, 300 पीएस (अश्वशक्ती) ताकदीची. त्या घराण्यातली सगळ्यात साधी. तिची मूळ किंमत साठ हजार युरोच्या आतबाहेर होती. रोज रात्री जेवण झालं की मी कॉन्फिग्युरेटर, म्हणजे गाडी मनासारखी जुळवायचं कंपनीचं वेबपान, उघडून बसायचो आणि एकेका चौकोनावर टिचकी मारायचो. महिनाभरात जमलेल्या एक्स्ट्रांची बेरीज झाली सत्तावीस हजार. जवळजवळ निम्मी गाडी.

बायकोनं नऊही पानं शांतपणे चाळली. मग माझ्यापुढे पेन ठेवलं आणि म्हणाली, "यातलं गाडी चालवताना तुला हाताला, पायाला, पाठीला जे कळणार आहे, तेवढ्यावर खूण कर."

मला पहिल्या दोन पानांपलीकडे जाता आलं नाही. निम्म्या गोष्टी मी फक्त चित्रात बघितल्या होत्या.

हे 2022 च्या सप्टेंबरातलं. मी मूळचा पुण्याचा, सोळा वर्षं जर्मनीत श्टुटगार्टमध्ये नोकरी करतो. कामाला जाताना एस-सिक्स लोकल नॉयविर्ट्सहाउसला थांबते, त्या स्टेशनला लागूनच पोर्शेचा कारखाना आणि म्युझियम. सोळा वर्षं तिथून जाताना खिडकीतून तो चौक बघत आलो. आयुष्यात एकदाच अशी गाडी घ्यायची, तीही कर्ज न काढता, हे आमचं दोघांचं ठरलेलं होतं. त्यामुळे सत्तावीस हजारांतला प्रत्येक हजार हा आमच्या बचतीतला होता, आणि तो कुठे जातोय हे मला नीट समजून घ्यायचं होतं. मी ठरवलं, जे चालवून बघता येईल ते चालवून बघायचं, जे बसून बघता येईल त्यात बसायचं, आणि उरलेलं यादीतून काढायचं.

सुरुवात केली सगळ्यात महागापासून, सिरॅमिक ब्रेकपासून. सात हजार युरोंहून जास्त. पिवळे कॅलिपर, म्हणजे ब्रेकच्या चकतीला आवळणारे चिमटे, असलेली गाडी रस्त्यात दिसली की जाणकार ओळखतात ते हेच. कार्बन फायबर घातलेल्या सिरॅमिकच्या चकत्या, वजनाला लोखंडी चकतीच्या साधारण निम्म्या. पोर्शेनं त्या 2001 मध्ये 911 जीटी2 वर आणल्या, म्हणजे जवळजवळ रेसच्याच गाडीवर. त्या गंजत नाहीत, चाकांवर काळी पूड बसत नाही, आणि लाल होईपर्यंत तापल्या तरी ब्रेक तसाच लागतो. हे सगळं खरं आहे. प्रश्न एवढाच की माझ्या गाडीला ते कधी लागणार?

मी मेकॅनिकल इंजिनिअर, म्हणून कागद घेऊन हिशेब मांडला. माझ्यासकट गाडीचं वजन धरलं साडेचौदाशे किलो. ती ताशी 200 वरून 70 वर आणायची तर जवळपास 2 मेगाज्यूल ऊर्जेची काही सेकंदांत उष्णता होते. एवढ्या उष्णतेत नळाचं सहा लिटर पाणी उकळीला येईल. ट्रॅकवर असं दर दोन-तीन मिनिटांनी होतं, शिवाय मधली छोटी वळणं वेगळी. तिथे सिरॅमिकचे पैसे वसूल होतात. पण ऑटोबानवर, म्हणजे इथल्या महामार्गावर, 200 वरून ब्रेक मारायची वेळ आली तर ती एकदा येते, पुढची येईपर्यंत चकत्या वाऱ्यानं थंड झालेल्या असतात.

दुसरी गोष्ट तर चालवूनच कळली. चाचणीसाठी मिळालेल्या गाडीला साधे लोखंडी ब्रेक होते, पुढे 330 मिलिमीटरच्या चकत्या, काळे कॅलिपर. शोरूमच्या सेल्समननं मला एका मोकळ्या रस्त्यावर नेलं, आरशात बघून मागे कोणी नाही याची खात्री केली आणि म्हणाला, "शंभरवर घ्या आणि पूर्ण ताकदीनं दाबा." दाबलं. पट्टा छातीत रुतला, पायाखाली एबीएस, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, खडखडायला लागली आणि गाडी थांबली. त्या खडखडण्याचा अर्थ असा की ब्रेकची ताकद टायरच्या पकडीपेक्षा आधीच जास्त होती. महाग ब्रेक लावले असते तरी गाडी त्याच जागी थांबली असती, कारण रस्त्याला धरून ठेवणारे टायर तेच. सेल्समन हे सगळं मोकळेपणानं सांगत होता, आणि त्याबद्दल मला त्याच्याविषयी आजही आदर आहे. त्यानं आणखी एक सांगितलं, ते मी पुढे होकेनहाइमच्या रेस ट्रॅकवर डोळ्यांनी बघितलं. तिकडे वळून येतो.

घरी येऊन सिरॅमिकवर काट मारली. सात हजार एका रेघेत गेले आणि मन हलकं झालं.

सीटच्या बाबतीत उलटं झालं. माझी पाठ चार वर्षांपूर्वी धरली होती, कमरेच्या खालच्या मणक्यात. तेव्हापासून दोन तासांच्या वर गाडी चालवली की डावा पाय जड होतो. माझ्या यादीत होत्या कार्बनच्या बकेट सीट. दिसायला देखण्या, वजनाला हलक्या, पण पाठीचा कोन बदलता येत नाही. मी हट्टानं अर्धा तास त्यात बसलो. वीस मिनिटांनी पाय बोलायला लागला. मग त्याच शोरूममधल्या दुसऱ्या गाडीत अठरा तऱ्हेनं हलणाऱ्या इलेक्ट्रिक सीटमध्ये बसलो. मांडीखालची गादी पुढे सरकते, कमरेचा फुगा वर-खाली आणि आत-बाहेर होतो, बाजूच्या कडा मांडीला आणि बरगड्यांना आवळता येतात. कमरेचा फुगा दोन बोटं खाली आणला आणि मणक्यावरचा ताण उतरलेला मला त्याच क्षणी कळला. ज्याची पाठ दुखलेली आहे त्याला हा अनुभव सांगायची गरज नाही. किंमत तीन हजारांच्या घरात. त्या पानावर मी गोल केला, आणि त्या निर्णयावर एकदाही फेरविचार केला नाही. सीट गरम करायची सोय त्यातच घेतली, काहीशे युरोंची. थंडीत पाठीला शेक मिळतो.

त्या रविवारी पुण्याला बाबांना फोन केला. बाबांच्या चेतकचा नंबर 1985 मध्ये लागला होता, कित्येक वर्षं वाट पाहून. स्कूटर घरी आली त्या दिवशी वितरकाकडे लेगगार्ड, काच, बास्केट, चकचकीत पट्ट्या, रंगीत मडफ्लॅप असं बरंच टांगलेलं होतं. बाबांनी दोनच गोष्टी बसवून घेतल्या. एक लेगगार्ड, आणि दुसरं मागच्या सीटला आईला धरायला हँडल. मी विचारलं, "बाबा, तेव्हा तुम्ही कसं ठरवलंत?" ते म्हणाले, "अरे, ठरवायचं काय त्यात? आई रोज मागे बसणार होती." मग त्यांनी मला विचारलं, "तुझ्या गाडीत हँडल कुठलं?" मी म्हटलं, सीट. त्यांना ते लगेच पटलं.

यादीत एक ओळ होती मागच्या चाकांच्या डिफरन्शियलची, म्हणजे इंजिनची ताकद दोन्ही चाकांना वाटून देणाऱ्या भागाची. तेराशे युरोच्या आसपास. तिचं चित्र काढता येत नाही, बाहेरून काही दिसत नाही, त्यामुळे बरेच जण ती ओळ ओलांडून पुढे जातात. ही यांत्रिक लॉक असलेली डिफरन्शियल आहे, आणि तिच्या जोडीला वळणात आतल्या मागच्या चाकाला हलकासा ब्रेक लावणारी यंत्रणा. सेल्समननं दोन गाड्या दिल्या, एक ही असलेली, एक नसलेली. ओला दिवस होता. दुसऱ्या गिअरमध्ये घट्ट वळणातून बाहेर पडताना मी दोन्हींत सारखाच पाय दिला. एकीत आतलं चाक क्षणभर सुटलं आणि यंत्रणेनं ताकद कापली. दुसरीत दोन्ही चाकांनी मिळून गाडी पुढे ढकलली आणि नाक वळणाच्या आत ओढलं गेलं. मी परत फिरून तेच वळण पाच वेळा घेतलं. पाचही वेळा तेच. ही गोष्ट नंतर बसवायची म्हणजे मागचा अख्खा भाग उघडणं आलं, म्हणून आत्ताच. माझ्या मते या गाडीवर सगळ्यात आधी पैसे घालायचे तर ते या ओळीवर घालावेत. सस्पेन्शन मऊ-कडक करणारी यंत्रणाही घेतली. खराब रस्त्यावर मऊ, घाटात कडक, दोन्ही खरंच वेगळं लागतं.

बाकीचं भराभर. गिअर हातानं टाकायचेच ठेवले, ते माझ्या आवडीचं आणि स्वस्तही. वीस इंची चाकांऐवजी एकोणीस, कारण वीसवर टायरची भिंत इतकी पातळ की ट्रामच्या रुळांवर कणा हलतो. डॅशबोर्डवरच्या स्टॉपवॉचचं पॅकेज सोडलं. रंग जेन्शन ब्लू, गडद निळा. तो मुलीनं निवडला आणि त्यावर चर्चा झाली नाही.

दोन फुटकळ वाटणाऱ्या ओळी मात्र सांगायलाच हव्यात. पेट्रोलची टाकी 54 लिटरची येत होती, 64 लिटरची हवी तर शंभर-सव्वाशे युरो जास्त पडत होते. सत्तावीस हजारांच्या यादीत हा आकडा डोळ्यांत भरतच नाही. पण ते दहा लिटर म्हणजे शंभराहून जास्त किलोमीटर, आणि ऑटोबानवरच्या पंपावर पेट्रोल गावातल्यापेक्षा किती महाग असतं हे इथे राहणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. दुसरी ओळ मिटणाऱ्या आरशांची. आमच्या इमारतीच्या तळघरात एकावर एक गाड्या ठेवायचं लोखंडी पार्किंग आहे, दोन्ही बाजूंना खांब. केमनची रुंदी 1.80 मीटर, आरसे धरून जवळपास 2 मीटर. मी टेप घेऊन खाली गेलो आणि मोजलं. आरसे उघडे ठेवून गाडी आत जात होती, पण दोन्ही बाजूंना मिळून एक वीतही उरत नव्हती. रोजच्या येण्याजाण्यात एखाद्या थकल्या संध्याकाळी आरसा खांबाला लागलाच असता.

ऑर्डर दिली तेव्हा एक्स्ट्रांची बेरीज बारा हजार होती. गाडी तयार करायला घेण्याच्या काही आठवडे आधी यादी बंद होते, तोवर बदल चालतात. फेब्रुवारीत सेल्समनचा फोन आला, "उद्या संध्याकाळपर्यंत काही बदलायचं असेल तर सांगा." त्या रात्री मला झोप आली नाही. स्पोर्ट्स एग्झॉस्ट अजून यादीत होता, दोन हजारांच्या वर. मी तो असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन्ही गाड्यांचे आवाज फोनवर टिपून ठेवले होते, ते परत परत ऐकले. फरक होता, पण तो बाहेर उभं राहून ऐकताना जास्त होता, आत बसून कमी. सकाळी तो काढला. त्या पैशांत एक गोष्ट वाढवायला सेल्समननं सुचवली होती, वळणाबरोबर वळणारे आणि समोरच्या गाडीला न झोंबणारे एलईडी दिवे. मी नाही म्हटलं. ती माझी चूक. गाडीचे झेनॉन दिवे चांगले आहेत, पण नोव्हेंबरात इथे साडेचारला अंधारतं, आणि ब्लॅक फॉरेस्टच्या रस्त्यावर वळणामागे हरीण उभं असतं. ते दिवे नंतर बसवायचे तर वायरिंग, कंट्रोल युनिट सगळं बदलावं लागतं, खर्च कितीतरी जास्त. आज यादी परत हातात मिळाली तर पहिली खूण मी तिथे करीन.

एप्रिल 2023 मध्ये गाडी कारखान्यातूनच घ्यायचं ठरवलं होतं. त्या दिवशी ताबा देण्याआधी कारखाना दाखवतात. मी इंजिनं बघायला उत्सुक होतो, पण पाय थबकले ते चामड्याच्या विभागात. एक बाई मोठ्या टेबलावर अख्खं कातडं पसरून त्यावरून तळहात फिरवत होती. डोळ्यांना न दिसणारी सुरकुती, डासाच्या चाव्याचा ओरखडा, काटेरी तारेची जुनी खूण, हे सगळं तिला हाताला लागत होतं. जिथे लागेल तिथे ती खूण करायची आणि तेवढा भाग वगळून तुकडे कापले जायचे. पलीकडे एक जण एअर व्हेंटच्या बोटभर रुंदीच्या पट्टीवर चामडं ताणून चिकटवत होता, कडा हाडाच्या चपट्या पट्टीनं दाबून. ती ओळ माझ्या पहिल्या यादीत होती, हजाराच्या वर किंमत. मी सात-आठ मिनिटं त्याचे हात बघत उभा राहिलो. एका पट्टीला एवढा वेळ लागतो, तर ती किंमत फुगवलेली नाही हे मला तिथे कळलं. मी ती घेतली नाही याचं वाईट वाटलं नाही, कारण माझा हात तिथे कधी जाणार नव्हता. पण ज्यांना अशी गोष्ट गाडीत असण्याचं समाधान मिळतं त्यांना मी आता नावं ठेवत नाही. त्यांचे पैसे कुणाच्या तरी कसबाला मिळतात.

बारा हजारांत वाया गेलेलं एकच. डोकं टेकायच्या गादीवर कंपनीचं चिन्ह उठवून घेतलं होतं. ते माझ्या डोक्यामागे असतं.

पहिले 3000 किलोमीटर इंजिन मिनिटाला 4000 फेऱ्यांच्या वर न्यायचं नाही असं पुस्तिकेत लिहिलंय. ते मी काटेकोर पाळलं. हायलब्रोनकडे, बोडेन्से तळ्याकडे, आणि जवळजवळ दर रविवारी पहाटे बाडेन-बाडेनहून बी-500 या रस्त्यानं मुमेलझे तळ्यापर्यंत. पहाटे कारण नंतर मोटरसायकलवाल्यांची गर्दी होते. तिथल्या ओल्या वळणांत डिफरन्शियलनं जे चाचणीत दाखवलं होतं ते दर वळणाला परत दाखवलं. सीटमध्ये सलग चार तास बसून उतरलो आणि पाय जड झाला नव्हता, त्या दिवशी मी घरी येऊन बायकोला ते दोनदा सांगितलं.

आणि होकेनहाइम. ऑगस्टमध्ये एक दिवस ट्रॅकवर जागा मिळाली, वीस-वीस मिनिटांची सत्रं. आदल्या आठवड्यात ब्रेक ऑइल नवं भरून घेतलं होतं, कारण ट्रॅकवर आधी हार मानतं ते बहुधा जुनं, पाणी शोषलेलं ऑइल. 4.574 किलोमीटरचा तो ट्रॅक पाराबोलिकाच्या लांबलचक वाकणातून तुम्हाला दोनशेच्या पुढे नेतो आणि मग समोर स्पिट्सकेर, म्हणजे जवळजवळ उलटं वळण. तिथे दर फेरीला माझ्या कागदावरचं सहा लिटर पाणी उकळत होतं. पाचव्या फेरीनंतर तापलेल्या पॅडचा वास आत आला. पेडल होतं तिथेच होतं. प्रशिक्षकानं शेवटची फेरी ब्रेक न लावता थंड घ्यायला लावली आणि पिटमध्ये हँडब्रेक लावू नका म्हणून बजावलं.

शेजारच्या गाळ्यात एक पंचावन्न-साठीचे गृहस्थ होते, त्यांची 911. गाडीला सिरॅमिक ब्रेक होते, असं ते म्हणाले. मी चाकाच्या आत बघितलं तर राखाडी लोखंडी चकत्या. सेल्समननं सांगितलं होतं ते हेच. त्यांनी मूळच्या सिरॅमिक चकत्या काढून घरी खोक्यात ठेवल्या होत्या. "ट्रॅकवर त्या झिजतात," ते म्हणाले, "आणि चाक बदलताना रिम त्यांच्या कडेवर आदळली तर टवका उडतो. एकेक चकती हजारो युरोंची. विकताना परत लावीन." म्हणजे रस्त्यावर त्यांची गरज पडत नव्हती आणि ट्रॅकवर त्या वापरवत नव्हत्या. मी त्यांच्याबरोबर कॉफी प्यायलो, त्यांनी मला स्पिट्सकेरला ब्रेक कुठे सोडायचा ते टाइलवर बोटानं काढून दाखवलं. दुपारच्या सत्रात तसं करून बघितलं, आणि वळणातून बाहेर पडताना मागची दोन्ही चाकं एकत्र रेटत असलेली पाठीला कळली.

मागच्या मे महिन्यात बाबा आले होते. छपन्नाव्या वर्षी गुडघ्याचं दुखणं सुरू झालेले बाबा आता ऐंशीकडे झुकलेत, आणि गाडी जमिनीपासून हातभर. मी शेजारची सीट जितकी वर जाईल तितकी वर घेतली, बाजूच्या कडा सैल केल्या, ते आधी बसले आणि मग पाय आत घेतले. बसल्यावर बटणं चाचपत म्हणाले, "हे हँडल का?" म्हटलं, हो. मुमेलझेपर्यंत जाऊन आलो. वाटेत त्यांना झोप लागली.

गाडीला आता बत्तीस हजार किलोमीटर झालेत. पुढच्या महिन्यात पुढच्या चकत्या आणि पॅड बदलायचेत. अंदाजपत्रक आलंय: दोन्ही चकत्या, पॅड, मजुरी, ब्रेक ऑइल, सगळं मिळून सिरॅमिकच्या एका चकतीपेक्षा कमी.